करदीला पापलेटाचं जाळं

उत्तनच्या कोळीवाड्यातल्या ह्युबर्टने चाळीस वर्षं मासेमारीची जाळी विणली. जाळ्याचा डोळा केवढा, हे तो नुसतं बोट घालून सांगायचा. म्हणून तर ही चूक नेमकी त्यानेच करावी, याचा राग येतो!

हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्याने घरामागच्या चिकूखाली सातेरी मधमाश्यांच्या तीन पेट्या ठेवल्या. यंदा कुणाचं तरी ऐकून पेटीतल्या चौकटींत बसवायला छापील घरांचे तयार मेणपत्रे आणले. घरं चांगली ऐसपैस. मोठं घर, जास्त मध, असा ह्युबर्टसाहेबांचा अंदाज. पण ते पत्रे होते परदेशी, थोराड माश्यांच्या मापाचे. बारक्या सातेरीने ते कुरतडले आणि वाकडीतिकडी पोळी बांधून चौकटी एकमेकींना चिकटवल्या. मध काढायला गेला, तर पोळं मध गाळायच्या फिरत्या यंत्रात बसेना. कापून पिळावं लागलं. घर मोडलं तशा माश्या उठून गेल्या. एक पेटी गेली, दुसरीही गेली. तिसरी गेली तर हा नाद कायमचा सोडायचा, असं त्याने ठरवलं आणि त्याची अन्नावरची वासनाच उडाली.

त्याच्या बायकोने, मॉलीने, गेल्या वर्षीच्या पोळ्याचा तुकडा नव्या पत्र्याशेजारी धरला मात्र, तिचा पारा चढला.

"अरे, करदीसारख्या बारक्या कोळंबीला पापलेटाचं जाळं लावलंस काय? तुला डोळे हाय का न्हाय?"

ह्युबर्टने बोट टेकवून मोजलं. जुन्या पोळ्यावर दहा घरं मावत होती, तेवढ्या जागेत पत्र्यावर जेमतेम आठ. त्याचे कान लाल झाले. त्याच दिवशी त्याने तिसऱ्या पेटीतले पत्रे काढून टाकले आणि जुन्या पोळ्याच्या पट्ट्या चौकटींना दोऱ्याने बांधल्या. मग महिनाभर पेटीला हात लावला नाही. दारात माश्या दिसताहेत ना, एवढंच रोज बघायचा.

महिन्याने झाकण उघडलं. चौकट अलगद वर आली. पोळं सरळ, मधाने गच्च भरलेलं.

"मॉले, इकडं ये गं!"

चौकट यंत्रात बसवून दांडा फिरवला. मध खाली उतरला, पोळं मात्र शाबूत! रिकामी चौकट त्याने हळूच पेटीत परत ठेवली. दोघं श्वास रोखून बघत राहिली. पाच-सहा माश्या आल्या, घरांत डोकी घालून उरलासुरला मध चाटू लागल्या. मग आणखी आल्या.

"राहिल्या गं," ह्युबर्ट म्हणाला आणि तिथंच बसकण मारून ढसाढसा रडला.

मॉलीने त्याच्या डोक्यावर टपली मारली. "ऊठ आता. रिकाम्या दोन पेट्या मी कवाच धुऊन ठेवल्यात."