बरगीच्या धक्क्यावरचा तिसरा ठोका

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच लिहून टाकते. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. या ग्रुपवरच्या प्रत्येक अनुभवाखाली 'वारा असेल', 'वायरिंग तपासा' अशा कॉमेंट टाकणारी आगाऊ बाई ती मीच. आता तुमची पाळी... खुशाल टाका. मी स्वतः तपासून तपासून थकले आहे.

आम्ही जबलपूरचे. बाबा खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झाले, घर तिथून जवळच आहे. चाळिशीतच त्यांचे कान गेले. त्यांच्या आईचंही तसंच झालं होतं म्हणे. समोरच्याचे ओठ वाचतात, स्वतः मात्र खणखणीत बोलतात. त्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेली. पानं घेतली की आई आतून लाटण्यानं भिंतीवर ठोकायची. टक-टक... जरा थांबून... टक. बाबांना ते पाठीत कळायचं. हातातला पेपर टाकून उठायचे. इतकी वर्षं त्यांना जेवायची हाक हीच.

गेल्या ऑक्टोबरात आई गेली आणि बाबांनी जेवण सोडलं. हट्टानं नाही हो... दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. पट्ट्याला खिळ्यानं तीन नवी भोकं पाडली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर भरती करून नळीनं भरवावं लागेल. बाबा म्हणाले, "नळी लावायची नाही. सांगून ठेवतो."

एकदा मी तेच लाटणं घेऊन भिंतीवर ठोकलं. दोन, मग एक. बाबा अर्धे उठले... आणि परत बसले. "हे तू आहेस," एवढंच म्हणाले. मी मोरीचं दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडले.

शेवटचा उपाय म्हणून मासेमारी काढली. तो त्यांचा एकुलता एक शौक, आणि मी आयुष्यात कधी गळ हातात धरलेला नाही.

"बाबा, मला शिकवा."

"तुला? गांडूळ पाहून किंचाळायचीस तू."

"म्हणूनच तर म्हणते, शिकवा!"

माळ्यावरून गळाची पिशवी खाली काढली. मग म्हणाले, "चलो."

फेब्रुवारीतला रविवार. तिलवाऱ्याचा पूल ओलांडून आम्ही बरगीला पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. लख्ख ऊन. धरणाच्या फुगवट्यावर एक जुना तरंगता धक्का आहे — खाली रिकामे लोखंडी ड्रम, वर फळ्या ठोकलेल्या. काठावर एक नावाडी भैया आपल्या नावेला डांबर फासत होते. बाकी चिटपाखरू नाही. बाबांनी चपला काठावरच काढल्या. नर्मदामैयाच्या अंगावर चपला घालून जायचं नाही, हा त्यांचा नेम. मलाही काढायला लावल्या.

"आधी चेलवा धर," बाबा म्हणाले. "मोठ्याच्या मागं काहून लागते?" चेलवा म्हणजे बोटभर, चांदीसारखी मासोळी. मोठ्या माशासाठी हीच गळाला लावतात, आणि नवशिक्यानं हात हिच्यावरच बसवायचा. तांदळाच्या दाण्याएवढा गळ, आणि तरंगायला मोरपिसाच्या दांडीचा तुकडा. "पीस थरथरलं तर थरथरू दे. बुडलं की मनगट उचल. हात नाही, मनगट!" चार महिन्यांत ते एका दमात इतकं बोलले नव्हते.

आणि मग लक्षात आलं, हिंग घालून मळलेली चाऱ्याची कणिक मी घरीच फ्रिजमध्ये विसरले होते! डब्यात होती तीन थालीपिठं. आईनं केलेल्या भाजणीचा डबा सकाळी खरवडून काढला होता, तिच्या हातची शेवटची भाजणी... बाबा खातील या आशेनं. सकाळी त्यांनी त्या थालीपिठांकडे पाहिलंही नव्हतं. मी त्यातलंच एक उचललं, चिमूटभर गळाला लावलं आणि उरलेलं अख्खं पाण्यात भिरकावलं.

"अगं ए बावळट!" बाबा ओरडले. "काय करून राहिली? चिमटी-चिमटीनं टाकायचं असतं. पोट भरल्यावर गळाला काहून लागतील त्या?"

पण मासोळ्या आल्या. आधी पाच-पन्नास, मग बघता बघता हजारो. थालीपीठ कधीच संपलं आणि तरी येतच होत्या. आणि मग त्या थांबल्या. चेलवा थांबत नाही हो, ती सारखी पळणारी जात. इथे मात्र काठापर्यंतचं पाणी मासोळ्यांनी भरलेलं, आणि प्रत्येकीचं तोंड आमच्याकडे. माझा गळ त्यांच्या मधोमध लोंबत होता, त्यावर चारा होता, पण पीस तसूभर हललं नाही. भीती नाही वाटली. खरंच नाही. देवळात गाभाऱ्याचं दार उघडताना वाटतं ना, तसं काहीतरी वाटलं.

मग तो सगळा थवा एकदम वळला आणि धक्क्याखालच्या ड्रमवर आदळला. टक. मागे सरला, पुन्हा आदळला. टक.

मग थांबला.

मग पुन्हा एक... टक. इतका हलका, की मला भास वाटला.

आणि पाणी रिकामं झालं. एकही मासोळी नाही.

बाबा तेव्हा पलीकडे तोंड करून माझ्यासाठी दुसरा गळ बांधत होते. त्यांना काही दिसलेलं नाही, आणि ऐकू तर येतच नाही. पण त्यांनी गळ खाली ठेवला, गुडघ्यावर हात रेटून उठले, आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "चल. बोलावून राहिली."

वाकून हात धुतले. डबा उघडला. दोन्ही थालीपिठं खाल्ली, बोटं चाटून. "अजून नाही?"

"एक मासोळ्यांनी खाल्लं," मी म्हटलं.

"मग चालते," म्हणाले.

मी धावत नावाडी भैयांकडे गेले. ते म्हणाले, "आवाज़ तो हमने नहीं सुनी दीदी... पर मछली ऐसे खड़ी? तीस साल में नहीं देखी." हात जोडले आणि पुन्हा डांबर फासायला लागले.

त्यानंतर मी तीनदा तिथे जाऊन आले. लाटेनं ड्रम वाजतात का पाहिलं. वाजतात, पण घुमतात, टकटक करत नाहीत. बाजारची भाजणी आणून थालीपिठं टाकली. मासोळ्या आल्या, खाल्लं, गेल्या. मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं, त्यात नुसता वारा आहे.

बाबा आता जेवतात. पट्टा दोन भोकं मागे आलाय. नळीचं नाव डॉक्टरांनी पुन्हा काढलं नाही.

त्या ठोक्यांबद्दल मी त्यांना अवाक्षर बोलले नव्हते. किती होते, कसे होते, काहीच नाही. परवा जेवताना मात्र राहवलं नाही. त्यांच्यासमोर बसून विचारलं, "बाबा, मी ठोकलं तेव्हा तुम्ही परत बसलात. मग धक्क्यावर कसे उठलात?"

"फळीतून पायाला कळलं ना."

"पण तीच, हे कशावरून?"

बाबांनी भात कालवला. "तू तिन्ही सारखे मारतेस," ते म्हणाले. "तिचा तिसरा नेहमी हलका. तोवर तिचं लक्ष तव्याकडे गेलेलं असायचं."

आता सांगा, याच्याखाली काय कॉमेंट टाकू?