फौज लंकेत होती तेव्हा

शिंदखेड्याला माझ्या खोलीशेजारी एका फौजीची बायको राहायची. नवरा शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होता. सासऱ्यांसमोर ती पदर ओढून इतकं हळू बोलायची, की ऐकणाऱ्याला पुन्हा विचारावं लागे. रेडिओवर लंकेचं नाव आलं, की तिच्या हातातलं काम थांबे.

त्या पावसाळ्यात भर दुपारी नदी गल्लीत शिरली. सगळे ओट्यांवर उभे राहून मदतीची वाट बघत होते. कुणीतरी म्हणालं, "आता फौजच बोलवा."

"फौज तठे लंकामा शे!" ती सासऱ्यांदेखत ओरडली. "आते आपलेच उतरनं पडी. चाला!"

विहिरीचा दोर तिने निंबाला बांधला, दुसरं टोक कमरेला, आणि छातीभर पाण्यात उतरली. मागोमाग आम्ही उतरलो. पलीकडच्या घरांतली म्हातारी माणसं, पोरंबाळं, सगळी सुखरूप बाहेर आली.

हिवाळ्यात नवरा सुट्टीवर आला. त्याला घ्यायला ती सासऱ्यांबरोबर गेली होती. एस.टी. स्टँडवरच, चारचौघांत सासरे त्याला म्हणाले, "आम्हना बठ्ठास्ना जीव तुन्ही बायकोनी वाचाडा."

फौजी तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने आपली ट्रंक खांद्यावर घेतली आणि भर बाजारातून ती पुढे, तो मागे, असे दोघं घरी गेले.