दिलीपची बाटली

नीळकंठ बारीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. कारखान्याच्या पिपलानी वसाहतीतल्या क्वार्टरमधून सायकल काढायची, आणि पाळीचा भोंगा व्हायच्या आत क्रेनच्या केबिनमध्ये. टर्बाइनचा चाळीस टनांचा रोटर तो असा टेकवायचा की खालच्या माणसाला धक्का कळायचा नाही. वीस वर्षांत त्याचा हूक कधी डुलला नाही. ते आपोआप झालं नव्हतं; प्रत्येक वजन तो मोजूनमापून उचलायचा.

एक्केचाळिसाव्या वर्षी त्याला मधुमेह निघाला. कारखान्यात कळलं तर केबिनमधून उतरवून स्टोअरला बसवतील, म्हणून त्याने जवाहर चौकातल्या आपटे डॉक्टरांकडून गुपचूप गोळ्या घेतल्या.

"दरवर्षी लघवी तपासा," डॉक्टर म्हणाले. "मूत्रपिंडाचं पहिल्यांदा तिथेच कळतं."

"कारखान्यात होतेच की वार्षिक तपासणी."

होत होती. पण तिथे फक्त लघवीच बघत, आणि नीळकंठच्या नावाची बाटलीही दिलीप मालवीय भरायचा. दिलीप खाली उभा राहून साखळ्या बांधायचा, हाताने खुणा करायचा.

"मेरा पानी गंगाजल है, नीलू. तू ऊपर ही बैठ. दूसरे के हुक के नीचे मैं नहीं खड़ा होता."

अशी आठ वर्षं गेली. नीळकंठच्या लघवीला फेस यायचा, तो पाणी ओतून मोकळा व्हायचा. मग पाय सुजले, बुटाच्या नाड्या बांधता येईनात. बायको रत्नप्रभा त्याला ओढतच टाउनशिपच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पाहिला, मग जुनी फाइल.

"क्रिएटिनिन साडेतीन, म्हणजे मूत्रपिंडं बरीच गेलीत, आणि लघवी आठ वर्षं स्वच्छ? असं होत नाही, बारी."

"माझी नव्हती ती."

"कुणाची होती?"

"नाव नाही सांगणार."

रत्नप्रभाने मनात ओळखलं, दिलीपचीच.

"साखरेने मूत्रपिंडं झिजतात, पण दुखत नाहीत," बाई म्हणाल्या. "आधी लघवीतून प्रथिनं गळतात. तेव्हा धरलं असतं तर बरीच वर्षं थोपवता आलं असतं. आता जे उरलंय तेवढंच सांभाळायचं."

तो स्टोअरला बसला. क्रेन सांभाळली तसंच त्याने पथ्य सांभाळलं: मीठ मोजून, रक्तदाबाची गोळी घड्याळावर, साखर आटोक्यात. चार वर्षं निघाली. मग मूत्रपिंडं थकली ती थकलीच. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. घरी आला की भिंत धरून चालायचा. त्याने नोकरी सोडली.

रत्नप्रभा आपलं मूत्रपिंड द्यायला पुढे आली; रक्तगट जुळला. तपासण्याही पार पडल्या. नीळकंठ नको म्हणाला.

"तू कशाला कापून घेतेस?"

"आठ वर्षं दिलीपचं चाललं, माझं चालत नाही होय? गप सही करा."

त्याने सही केली.

ऑपरेशन मुंबईला झालं. बत्तीस वर्षांच्या पगारातून कापला गेलेला सगळा फंड तिथे लागला. त्यात तिचं एक मूत्रपिंड त्याला मिळालं, आणि दोघांचं परतीचं तिकीट.