सकाळी न लागणारा पीसी

"हे बघा, लागला की नाही?" मी म्हणाले.

गायकवाड काका ओशाळले. "मॅडम, तुम्ही आलात की लागतो. सकाळी मात्र कितीही बटण दाबा, ढिम्म."

"मग मला घाबरत असेल."

ते हसले नाहीत. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या घरची ही माझी तिसरी फेरी होती.

जो तो आयटीत चालला होता, त्या काळातली ही गोष्ट. काकांचा मुलगाही अमेरिकेला गेला आणि जाताना आपला जुना असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून केलेला, पीसी वडिलांना देऊन गेला. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. गॅलरी बंद करून केलेल्या छोट्या खोलीत बसून ते थोरल्या बहिणीच्या आठवणी टाइप करत. आक्का ऐंशीच्या पुढच्या. गावकुसाबाहेरचं बालपण सांगून झालं होतं, आता घरचे बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला गेले ती हकीकत सुरू झाली होती. आक्का सांगायच्या ते फक्त सकाळी, वंदना झाल्यावर. ऊन चढलं की त्यांची नावं, गावं एकमेकांत मिसळायची. टेपरेकॉर्डर समोर ठेवला की त्या गप्पच व्हायच्या. आणि काकांचे हात थरथरायचे. हातानं लिहिलेलं त्यांचं त्यांनाच लागत नसे. म्हणून आक्का सांगतील ते तिथल्या तिथे टाइप करायला हा पीसी.

नारायण पेठेत माझं रिपेअरिंगचं दुकान. एक ते चार बंद, तशी पाटीच होती. लांबच्या गिऱ्हाइकांकडे मी त्याच वेळात जायचे. त्यामुळे काकांकडे मी कायम दुपारी दोनला, आणि दोनला पीसी पहिल्या बटणाला सुरू.

पहिल्या फेरीत मी रॅम काढून तिचे सोनेरी पाय खोडरबरानं घासले. हा आमच्या धंद्यातला रामबाण उपाय. दुसऱ्या फेरीत प्लग बदलला. तिसऱ्या फेरीत करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी काकांनाच शहाणपण शिकवलं. नीट शटडाउन करत जा, म्हटलं. हार्डवेअर दुरुस्त करणारी बाई म्हणून लोक माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत, याचा मला केवढा राग यायचा! आणि इथे मी एका सरळ माणसावर विश्वास ठेवत नव्हते.

दाराशी आक्का बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, तुमी सकाळच्या पारी या की. त्येला थंडी वाजती."

मी हसले. "आक्का, मशीनला कसली थंडी?"

"मानसाला वाजती, मग त्येला का न्हाई?"

सकाळी मला दुकान उघडायचं असतं, असं सांगून मी निघाले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, जानेवारीतल्या एका सकाळी माझी लुना सुरू होईना. पेडल मारून मारून घाम फुटला. शेजारचे गृहस्थ खिडकीतून म्हणाले, "थंडीनं गारठलीय. जरा उन्हात लावा." मी पेडलवर पाय ठेवून तशीच उभी राहिले. आक्का आठवल्या.

दुकान न उघडता, पिशवीत एक चांगला एसएमपीएस टाकून मी रिक्षानं विश्रांतवाडी गाठली. एसएमपीएस म्हणजे घरची वीज पीसीला सोसेल अशी करून देणारा डबा. त्यातले वीज साठवणारे कपॅसिटर जुने झाले की गारठ्यात काम करत नाहीत, ऊब मिळाली की करतात. त्या गॅलरीत तर सकाळी हात आखडत होते. बटण दाबलं. पंखा एकदा हलला आणि थांबला. डबा बदलला. पीसी लागला. दहा मिनिटांचं काम.

"आक्कांना बोलवा," मी जोरात म्हणाले. "त्यांचं निदान बरोबर होतं!"

काका स्क्रीनकडे बघत राहिले. "आक्का गेली, मॅडम. परवा पुण्यानुमोदन झालं."

मी काढलेला जुना डबा पिशवीत टाकला.

"शेवटपर्यंत रोज सकाळी येऊन बसायची," ते म्हणाले. "मी बटण दाबायचो. लागायचा नाही. मग म्हणायची, निजू दे त्येला. आणि चहा पिऊन उठायची."

"काका, मी एकदा सकाळी आले असते तर..."

"हो," काका म्हणाले. एवढंच. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी फाइल उघडली आणि शेवटची ओळ दाखवली. आक्कांच्या बोलीतच टाइप केलेली होती. 'आमी दोगी भैनी पांढरी लुगडी नेसून टेशनात आलो, आन् तितं'.

"पुढचं?" मी विचारलं.

"दुसरी बहीण आधीच गेली. मला तेव्हा घरीच ठेवलं होतं."

अधूनमधून येणारा फॉल्ट पकडायचा तर तो येतो त्या वेळेला जायचं असतं, आपल्याला सवड असते त्या वेळेला नाही. हे मला ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. दुकान अजूनही एक ते चार बंद असतं. पण गिऱ्हाईक म्हणालं सकाळी, तर मी सकाळी जाते. काकांचा पीसी पुढे बरीच वर्षं रोज सकाळी पहिल्या बटणाला सुरू होत होता. त्या फाइलमध्ये पुढे एक अक्षर पडलं नाही.