पायांवरचं बाळ कुठं बघतं

आत्याबाई गेल्याचा निरोप घेऊन त्यांचा पुतण्या पोलादपूरहून पहिल्या एसटीने महाडला आमच्याकडे आला, तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलीच होते. आठच दिवसांपूर्वी इथे येऊन त्यांनी शेजारणीचं तान्हं मांडीवर घेतलं होतं आणि तिला तोंडावर सांगितलं होतं, "ह्याच्या नजरेवर ध्यान ठेव गो." शेजारणीने तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलं. पुढच्या खेपेला आत्याबाईंना चांगलं खडसवायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं... आणि बाई त्याआधीच निघून गेल्या. माझं ऐकून घ्यायचं नाही, ही त्यांची जुनीच खोड.

त्या आमच्या ह्यांच्या आत्या. तरुणपणीच विधवा झालेल्या, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला एका वाडीत भात-नाचणी करून राहणाऱ्या. नात्यात कुठेही बाळंतपण असलं की बोलावण्याची वाट न बघता हजर व्हायच्या. पाटावर बसून पाय लांब करायच्या, बाळाला पायांवर उताणं घ्यायच्या आणि तेल चोळायला लागायच्या. पाणी कोमट आहे, तेल खवट आहे, बाळंतीण आळशी आहे... हाताबरोबर तोंडही चालू. पण पायांवरच्या बाळाचा चेहरा रोज त्यांच्या चेहऱ्यासमोर असायचा, आणि अशी किती बाळं त्यांच्या पायांवरून गेली असतील! कुठल्या वयाचं बाळ कसं बघतं, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी माझा माधव झाला. आत्याबाई तीन महिने राहायचं म्हणून आल्या. तिसरा महिना लागला आणि एका सकाळी आंघोळ घालता घालता म्हणाल्या, "ह्यो माझ्याकडं बघत नाय गो. पयला बघायचा. आता तांब्याच्या कडेकडं बघतो, न्हाणीच्या झरोक्याकडं बघतो. माझ्या तोंडाकडं नाय." मी म्हटलं, लहान आहे अजून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी बाळ बघायला आलेल्या बायकांसमोर तेच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या. आत्याबाईंच्या नजरेनेच माझ्या लेकराचं काहीतरी होतंय, असं माझ्या मनाने घेतलं, आणि त्याच आठवड्यात मी ह्यांना सांगून आत्याबाईंना गाडीत बसवून दिलं. खरं सांगायचं तर त्यांनी सांगितलेलं मलाही दिसत होतं. म्हणून तर इतका राग आला.

माधव चार वर्षांचा झाला तरी बोलेना. हाक मारली तर वळेना, डब्याचं झाकण मात्र तास तास फिरवत बसे. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ऑटिझम असा शब्द सांगितला, आणि मग ह्यांच्या देखत मला विचारलं, "तान्हा असताना तुम्ही त्याला जवळ घेत होता ना? आईकडून ऊब मिळाली नाही की मुलं अशी मिटून जातात." परतीच्या वाटेवर हे वेगळ्या बाकावर जाऊन बसले. पुढे कितीतरी महिने बोलले ते कामापुरतं. मी मात्र त्याला पाळण्यात ठेवून भाकऱ्या थापल्या, तो एकेक दिवस आठवत बसायची.

हे आत्याबाईंच्या कानावर गेलं आणि बाई न बोलावता दारात उभ्या. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "कोण म्हणतो हिनं माया केली नाय?" त्या ह्यांच्यावर कडाडल्या. "ही पोराला खाली ठेवीत नव्हती, म्हणून मीच हिला बोलायची. तिसऱ्या महिन्यात मी सांगितलं तवा मला गाडीत बसवलीत. चल, त्या डॉक्टरला सांगते." कोणाचं ऐकतील तर शपथ! आम्हा दोघांना आणि माधवला घेऊन त्या मुंबईला गेल्या. डॉक्टरांसमोर खुर्चीत न बसता जमिनीवर पाय लांब करून बसल्या आणि बाळ पायांवर कसं घेतात, त्याचा चेहरा आपल्या चेहऱ्यासमोर कसा असतो, माधवची नजर दिवसागणिक कशी कमी होत गेली, सगळं सांगितलं. मला लाजेने मेल्यासारखं झालं. डॉक्टर हसले. "आजी, इतक्या जुन्या गोष्टी कोणाला आठवतात?"

"लिवा," आत्याबाई म्हणाल्या. "आईचा दोष नाय, असं लिवा."

डॉक्टरांनी पेन उचललं नाही. आत्याबाई उठेनात. बाहेर लोक खोळंबलेले... तेव्हा ह्यांनी खिशातलं पेन काढलं, गुडघ्यावर डायरी घेतली आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहिलं: मूल तिसऱ्या महिन्यापासून चेहऱ्याकडे बघत नव्हते. आईचा दोष नाही. आत्याबाईंनी पेनची शाई अंगठ्याला फासून घेतली आणि खाली ठसा उठवला, तोही इतका जोराने की पान फाटलं. त्या संध्याकाळी ह्यांनी माझ्या हातातून माधवला स्वतःकडे घेतलं आणि कित्येक महिन्यांनी मला विचारलं, "तू जेवलीस का?"

ते फाटकं पान माझ्या ट्रंकेत आहे. आत्याबाई, तुमचं बरोबर होतं. तुम्ही असताना मी हे बोलले असते तर तुम्ही पोलादपूरभर सांगत फिरला असता, म्हणून नाही बोलले. फिरला असता तर काय बिघडलं असतं माझं?