आतोबांचा कुपा

अख्ख्या सोलापुरात मासळीची खरी काळजी वाहणारा एकच माणूस होता, आणि त्यानं जन्मात मासा तोंडात घातला नव्हता. हे आमचे आतोबा, माझ्या आत्याचे यजमान, स्टेशनावरचे पार्सलबाबू. मुंबई बंदरातून येणाऱ्या कुप्याच्या टोपल्या त्यांच्याच हातून सुटत. कुपा म्हणजे लालसर मांसाचा दांडगा समुद्रमासा; पण आमच्याकडे उतरेपर्यंत त्याची पार रया गेलेली असे. मधले दलाल टोपली या वखारीतून त्या वखारीत फिरवत, जो तो आपला वाटा काढी, बर्फ वितळून जाई, आणि भवानी पेठेतल्या रखमाबाईच्या पाटीत महागामोलाचा वास तेवढा पोचे. बिचारी विधवा, घर त्या पाटीवरच चाले. "मासा एकदा जाळ्यात मरतो आणि दुसऱ्यांदा दलालाच्या वखारीत," आतोबा भर जेवणात सांगत, आणि आत्या ताट घेऊन उठे.

शेवटी त्यांनी तोड काढलीच. दलाल वगळायचा, टोपली थेट कोळ्याकडून मागवायची, बर्फात लाकडाचा भुसा घालायचा आणि वरून ओली सोलापुरी चादर गुंडाळायची. रखमाबाईनं होतं नव्हतं ते त्यात घातलं. आमच्या घरातल्या चादरी एकेक करून मुंबईला गेल्या. "माशाला पांघरूण, आणि मला?" आत्या कुडकुडत विचारी.

टोपली आली. कुपा असा ताजा की बघत राहावं. पण आली ती नेमकी महाशिवरात्रीला! आतोबांनी टाइमटेबल चाळून चाळून फाडलं होतं; पंचांग मात्र कुणीच उघडलं नव्हतं. सारी पेठ उपाशी. "आज कोन घेनार वो बाबू? मीबी उपाशीच हाय की," म्हणत रखमाबाई मटकन खाली बसली. आतोबांनी नाकाला उपरणं बांधलं आणि तिच्या शेजारी बसकण मारली. देवळाकडे निघालेले लोक थांबून बघत, आणि हा निरंकार उपास धरलेला माणूस चादरीवर गार पाणी शिंपडत राही. "शिवरात्रीला माशाची राखण," आत्यानं कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी चादर सोडली तर कुपा तसाच टवटवीत. उपास सोडायला निघालेल्या, चादरी विणणाऱ्या मागवाल्यांनी ऊन चढायच्या आत टोपली रिकामी केली.

रखमाबाई पुन्हा दलालाच्या दारात गेली नाही. आतोबा संध्याकाळी घरी येताना लांबूनच तिला विचारत, "आज गोड होता का गं?" ती "व्हय बाबू, लई गोड" म्हणाली की स्वारी स्वतःच पोटभर जेवल्यासारखी खूश होई.

आतोबा गेल्यावर मी एकदा पेठेत गेलो होतो. रखमाबाईनं मला ओळखलं, पदरानं डोळे टिपले.

"मासा येतो की अजून," ती म्हणाली. "पर गोड होता का म्हनून इचारनारं कुनी ऱ्हायलं न्हाय."