निरुपमबाबूंचा दुसरा टेक

आयर्लंडमधल्या आमच्या ट्रली गावात निरुपम लाहिरी हा एकच सिनेमावाला. नट आणि दिग्दर्शक. कोणी न विचारता तो हे सांगतो, आणि विचारलंच तर मग तासभर सांगतो. त्याची बायको मेधा आमच्या पुण्याची, इथल्या हॉस्पिटलात किडनीची डॉक्टर. माझे यजमान प्रल्हाद तिथेच भूल देतात, म्हणून आमचा घरोबा. मेधा मला सुरेखाताई म्हणते. तो बौदी म्हणतो, म्हणजे त्यांच्याकडची वहिनी.

त्याचं चरित्र त्याच्याच तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ झालंय. कोलकात्यात आठव्या वर्षी एका बंगाली सिनेमात त्याने तापाने मरणाऱ्या मुलाचं काम केलं. थिएटरात बायका म्हणे हुंदके देत होत्या. त्या एका मरणावर तो पुढची चाळीस वर्षं जगला. मोठेपणी नायकाचा मित्र झाला, मग मालिकांतला इन्स्पेक्टर, मग त्या इन्स्पेक्टरचा साहेब. मधे पुण्याला दिग्दर्शन शिकायला आला होता. शिकला किती ते देव जाणे, पण मेधाला तेवढी घेऊन गेला. तिने कोलकात्यात संसार केला, बंगाली बोलायला लागली, शाकाहारी घरातली मुलगी माशाचे काटे काढायला शिकली. याने एवढ्या वर्षांत एक सिनेमा काढला. एक म्हातारा नदीकाठी होडीची वाट बघत बसतो, दोन तास. होडी येत नाही. प्रेक्षकही आले नाहीत. आठवड्यात उतरला. निरुपमच्या मते तो काळाच्या पुढचा होता.

मेधाला इथे नोकरी लागली तसा तोही मागोमाग आला, शांतपणे लिहायला. काय लिहिलं ते अजून कोणी पाहिलेलं नाही. शनिवारी लायब्ररीत लहान मुलांना अभिनय शिकवतो, म्हणजे रडायला शिकवतो. एकदा औषधाच्या जाहिरातीत पांढरा कोट घालून डॉक्टर झाला होता. त्या दिवसांत घरातली खरी डॉक्टर ड्यूटी करून आल्यावर भांडी घासायची, आणि हे गृहस्थ पुन्हापुन्हा दूध आणायला जायचे, कारण दुकानात कोणीतरी "जाहिरातीतला युअर मॅन तूच ना?" असं विचारायचं; इथले लोक ‘तो माणूस’ म्हणायला ‘युअर मॅन’ म्हणतात. फ्रीजमध्ये दुधाला जागा उरली नव्हती.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. मेधाचे वडील मुरलीधरकाका शेवटी शेवटी इथेच होते. त्यांचे हात थरथरायचे. त्यांची दाढी रोज निरुपम करायचा, मेकअपवाल्याच्या हलक्या हाताने, आणि कधी कापलं नाही. काकांना तो आवडायचा. का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काकांचं मागणं एकच होतं. काकू गेल्या तेव्हा भावाभावांनी त्यांच्या अस्थी वाटून घेतल्या होत्या, थोड्या नाशिकला, थोड्या आळंदीला, थोड्या कुणाच्या तरी गावच्या नदीत. ते त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. माझ्यासमोर ते मेधाला म्हणाले, "मला असं वाटून टाकू नका. कुठेही सोड, पण एकदाच आणि सगळा." मेधाने त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

मार्चमध्ये काका गेले. शेजारचे आयरिश लोक सँडविचचे ट्रे घेऊन आले, हात हातात घेऊन दोन शब्द बोलले, चहा घेऊन गेले. त्यांना काकांचं नावही नीट घेता यायचं नाही, पण रीत कळत होती. दहन कॉर्क शहराकडे झालं. अस्थी घरात आणायच्या नसतात, म्हणून मेधाने त्या मागच्या शेडमध्ये ठेवल्या. रोज सकाळी ड्यूटीला जाण्याआधी तिथे जाऊन नमस्कार करायची.

आणि जावयाने कॅमेरा काढला. सासऱ्याच्या मरणात त्याला सिनेमा सापडला होता. बाबांची आठवण राहील, असं त्याने मेधाला पटवलं. ती इतकी थकलेली होती की बरं म्हणाली.

जवळच्या फेनिटला, समुद्रावरच्या धक्क्यापलीकडे आम्ही पाण्यात उतरलो. मी फोनवर गुरुजी लावून दिले होते. गुरुजी मंत्र म्हणताहेत, मेधा गार पाण्यात कलश घेऊन उभी, आणि हा मागून ओरडतोय, जरा थांब, ढग जाऊ दे. आमच्या या पावसाळी केरी जिल्ह्यात ढग जायची वाट बघायची म्हणजे जन्म गेला. तरी ती थांबली. मग म्हणाला, "मेधा, सगळं टाकू नको. थोडं ठेव, दुसऱ्या टेकला लागेल." तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कलश पालथा केला. मला वाटलं, सुटले काका.

पुढच्या आठवड्यात हा माझ्याकडे आला. हातात आईस्क्रीमचा डबा. तो त्याने ओट्यावर, कणकेच्या परातीशेजारी ठेवला आणि खुर्ची ओढून बसला. मेधाचा शॉट बिघडला होता, फोकस पाण्यावर गेला होता. आता ती पुन्हा उभी राहायला तयार नव्हती. माझी उंची साधारण तिच्याएवढी, तेव्हा तिची शाल घेऊन मी पाठमोरी उभी राहावं, अशी त्याची कल्पना.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"बाबा," तो म्हणाला. "थोडेसे. सेफ्टीसाठी आधीच काढून ठेवले होते."

माझ्या हाताला कणीक तशीच. शेकोटीची राख का नाही घेतलीस, असं मी विचारलं असावं, कारण तो मला समजावू लागला की तिचा रंग कॅमेऱ्यात वेगळा येतो, वाऱ्यावर ती वेगळी उडते. तोंडावर लाज म्हणून नव्हती. एखाद्याने उसना स्क्रूड्रायव्हर आणून ठेवावा तसा तो डबा ओट्यावर होता.

मी हात धुतले, डबा उचलून बागेतल्या शेडमध्ये नेला, कडी घातली आणि मेधाला फोन केला. ती म्हणाली, "त्याला तिथेच बसवून ठेवा, ताई."

ड्यूटी संपल्यावर ती तशीच आली, हॉस्पिटलचा बिल्ला गळ्यात. डबा घेऊन आम्ही तिघे तिच्या गाडीने फेनिटला गेलो. उतरताना त्याने सवयीने कॅमेरा गळ्यात घातला. मेधाने तो त्याच्या गळ्यातून काढून डिकीत ठेवला.

"मी बाबांसाठीच करत होतो," तो म्हणाला.

"बाबांनी काय मागितलं होतं, माहीत होतं तुला?"

"होतं."

"मग? मी मरणाऱ्या माणसाला शब्द दिला होता, निरुपम. तो तू डब्यात भरून ठेवलास."

तिने बूटही काढले नाहीत. पाण्यात गेली आणि डबा रिकामा केला. मी मनातल्या मनात रामाचं नाव घेतलं, गुरुजींना फोन करायचं सुचलंच नाही. मागे तो रडायला लागला होता. ते रडणं खरं होतं का, मला सांगता यायचं नाही. इतकी वर्षं त्याच्याबरोबर काढलेल्या बायकोने मात्र वळून पाहिलं नाही.

ती वाकून डबा विसळत होती. पाणी भरायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं, कडेच्या खाचेतून बोट फिरवायचं. आत करडं काही उरलं नाही तेव्हा तिने हात जोडले.

"दोनदा झालं, बाबा," ती म्हणाली. "पण सगळं झालं."